चिनी अक्षर : आधी कोणती रेघ?

८ ऑगस्ट २००८ च्या रात्री बीजिंगच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. संचलनात परंपरेप्रमाणे ग्रीसचा संघ सर्वांत पुढे होता. त्याच्यामागून गिनी आला, मग गिनी-बिसाऊ, तुर्कस्तान, तुर्कमेनिस्तान, येमेन, मालदीव. टीव्हीसमोर बसलेल्या बहुतेक परदेशी प्रेक्षकांना या रांगेत काही क्रम दिसत नव्हता. प्रत्यक्षात क्रम अगदी काटेकोर होता. देशाच्या चिनी नावातले पहिले अक्षर लिहायला किती रेघा लागतात ते मोजून रांग लावली होती. गिनीच्या पहिल्या अक्षराला दोन रेघा लागतात. तुर्कस्तान, येमेन आणि मालदीव यांच्या पहिल्या अक्षरांना तीन-तीन.

मग या तिघांत आधी कोण? इथे नुसत्या मोजणीने भागत नाही. अक्षर लिहिताना पहिली रेघ कोणती काढतात ते पाहावे लागते. चिनी कोशांच्या प्रचलित पद्धतीत रेघांच्या पाच जाती मानतात आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे: आडवी, उभी, डावीकडे उतरती, ठिपका आणि मोड घेतलेली. तुर्कस्तानचे अक्षर आडव्या रेघेने सुरू होते, म्हणून तो पुढे. येमेन आणि मालदीव या दोघांचीही सुरुवात मोड घेतलेल्या रेघेने होते, तेव्हा निर्णय दुसऱ्या रेघेवर गेला. येमेनची दुसरी रेघ उभी, मालदीवची पुन्हा मोड घेतलेली. येमेन पुढे, मालदीव मागे. मालदीवमागे माल्टा, मादागास्कर, मलेशिया, माली, मालावी असे ओळीने आले, कारण या सगळ्यांचे पहिले चिनी अक्षर एकच आहे. त्यांचा निकाल दुसऱ्या अक्षरावर लागला, मालदीवपासून मोजले तर त्या अक्षरांच्या रेघा अनुक्रमे पाच, सहा, सहा, सात, सात, आठ. मलेशिया आणि माली दोघांच्या सात; पण मलेशियाच्या त्या अक्षराची पहिली रेघ आडवी आणि मालीच्या अक्षराची उभी. भारताचे पहिले अक्षर पाच रेघांचे, ब्रिटनचे आठ, अमेरिकेचे नऊ. म्हणून आपला संघ या दोघांच्या आधी मैदानात आला.

त्या रात्री २०४ संघ अशा रीतीने एका शाळकरी नियमामागून चालले. चीनमध्ये पहिलीतल्या मुलाला बाई हाच नियम शिकवतात: कोणती रेघ आधी, कोणती नंतर. या नियमाला चिनीत ‘बीशुन’ म्हणतात, आपण रेघक्रम म्हणू. देवनागरीत ‘क’ लिहिताना दांडा आधी काढला की गोलावा, शिरोरेषा शब्दाच्या शेवटी दिली की अक्षरागणिक, याने आपल्या शब्दकोशातली शब्दाची जागा बदलत नाही. चिनीत बदलते. म्हणूनच रेघक्रमाला नुसती शिस्त समजणाऱ्यांना ही लिपी अर्धीच कळली आहे, असे माझे मत आहे.

रेघ म्हणजे काय, हे आधी नीट पाहायला हवे. कुंचला किंवा पेन कागदाला टेकल्यापासून उचलेपर्यंत जे उमटते ती एक रेघ, मग ती वाटेत कितीही वळो. ‘तोंड’ या अर्थाचे ‘खौ’ हे अक्षर दिसायला साधा चौकोन आहे. चौकोनाला बाजू चार, पण या अक्षराच्या रेघा तीनच. पहिली, डावी बाजू वरून खाली. दुसरी, वरची बाजू डावीकडून उजवीकडे जाऊन कोपऱ्यात न थांबता तशीच खाली येते. तिसरी, तळाची बाजू. चौकोन चार रेघांत काढला तर आकार तोच दिसेल, पण कोशात ते अक्षर सापडणार नाही.

मुख्य रेघांची नावे मुलांना पाठ असतात. आडवी ती ‘हंग’, उभी ती ‘शू’, डावीकडे उतरती ती ‘फिये’, उजवीकडे उतरत पसरणारी ती ‘ना’, ठिपका तो ‘दियेन’. शिवाय वर उचललेली, आकडा घेणारी, मोड घेणारी. वर्गात अक्षर शिकवताना मुले हाताची बोटे हवेत फिरवत ही नावे एका सुरात म्हणतात. ‘दहा’ हे अक्षर आपल्या अधिकच्या चिन्हासारखे आहे. ते म्हणायचे ‘हंग, शू’. ‘माणूस’ हे अक्षर म्हणजे वर जुळलेल्या दोन तिरप्या रेघा. ते म्हणायचे ‘फिये, ना’.

नियम थोडे आहेत. वरून खाली. डावीकडून उजवीकडे. आडवी आधी, उभी नंतर. डावीकडे उतरती आधी, उजवीकडे उतरती नंतर. बाहेरची चौकट आधी, आतला भाग नंतर, आणि चौकट बंद असेल तर तळाची रेघ सर्वांत शेवटी. ‘देश’ या अर्थाचे ‘ग्वो’ हे अक्षर लिहिताना डावी बाजू आणि वरून वळणारी उजवी बाजू काढायची, मग आतला मजकूर भरायचा आणि मग तळ बंद करायचा. आधी घरात शिरा, मग दार लावा, असे चिनी शिक्षक मुलांना सांगतात. शेवटचा नियम असा की मधली उभी रेघ आणि दोन्ही बाजू सारख्या असतील तर आधी मधली काढायची. ‘लहान’ आणि ‘पाणी’ ही अक्षरे तशी लिहितात.

इथपर्यंत सगळे सोपे वाटते. पण ‘पाण्या’नंतर ‘आग’ लिहायला घेतली की नियम उलटतो. ‘आग’ म्हणजे ‘माणूस’ या अक्षराच्या दोन्ही अंगांना एकेक छोटी रेघ. तिथे आधी बाजूच्या दोन छोट्या रेघा आणि मग मधला माणूस. ‘नऊ’ आणि ‘शक्ती’ या दोन अक्षरांचा प्रकार तर विद्यार्थ्यांना फारच छळतो. दोन्हींत एक तिरपी आणि एक मोड घेतलेली अशा दोनच रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या. ‘नऊ’मध्ये तिरपी आधी, ‘शक्ती’मध्ये तिरपी नंतर. चालण्याशी संबंध असलेल्या कितीतरी अक्षरांच्या डाव्या अंगाला खाली लांब पसरणारा एक घटक असतो. डावीकडून उजवीकडे हा नियम लावला तर तो पहिला यायला हवा, पण तो सर्वांत शेवटी येतो. आणि ‘उठणे’ या अक्षरात तसाच डावीकडून खाली पसरणारा दुसरा घटक असतो, तो मात्र आधी लिहितात.

अशा जागांवर केवळ पाठांतर करणारा विद्यार्थी हरतो. हात कसा चालतो ते पाहिले की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. चिनी मजकूर शतकानुशतके वरून खाली, उभ्या ओळींत लिहिला गेला. म्हणजे एक अक्षर संपताना कुंचला खाली, पुढच्या अक्षराच्या जवळ असला तर हाताची एक खेप वाचते. ‘दहा’ची आडवी आधी आणि उभी नंतर काढली की हात तळाशी येऊन थांबतो, उलट केले तर तो मध्येच उजवीकडे राहतो. चौकोन तळाच्या रेघेने बंद केला की कुंचला खाली उजव्या कोपऱ्यात येतो. ‘लहान’मधली मधली रेघ आधी आली की अक्षराचा आस ठरतो आणि दोन्ही बाजूंचे अंतर डोळ्याने मोजता येते. चालण्याचा घटक शेवटी येतो, कारण वरच्या भागाने किती जागा घेतली हे कळल्यावरच खालची रेघ किती लांब ओढायची ते ठरवता येते. हे नियम कुणा एका पंडिताने बसून केलेले नाहीत. लाखो लेखनिकांच्या मनगटांनी ते घडवले, आणि म्हणूनच त्यांत हाताच्या सोयीप्रमाणे अपवादही शिरले.

एक अक्षर आपणच लिहून पाहू: ‘यिन’, भारताच्या चिनी नावातले पहिले. बोटाने टेबलावर लिहिले तरी चालेल. पहिली रेघ, डाव्या बाजूला वर, उजवीकडून डावीकडे उतरणारी छोटी. दुसरी, तिच्या डाव्या टोकापासून उभी खाली आणि तळाशी उजवीकडे किंचित वर उचललेली. तिसरी, या उभ्या रेघेच्या मध्यावरून उजवीकडे छोटी आडवी. आता उजवा भाग. चौथी, आडवी निघून कोपऱ्यात खाली वळणारी आणि टोकाला आत आकडा घेणारी. पाचवी, त्या आडव्या रेघेच्या डाव्या टोकापासून सरळ खाली, चौथीपेक्षा बरीच लांब. झाले अक्षर.

हे अक्षर एका मराठी घराच्याही इतिहासात आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथली भाषा शिकले आणि चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शल्यक्रिया शिकवू लागले. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला, त्याचे नाव ठेवले ‘यिनह्वा’. त्यातला ‘यिन’ भारताचा आणि ‘ह्वा’ चीनचा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात डॉक्टर वारले.

रेघक्रम लिपीइतका जुना नाही. आन्यांग परिसरात सापडलेली, तीन हजार वर्षांपूर्वीची शांग काळातली अक्षरे कासवाच्या पोटकवचावर आणि बैलाच्या खांद्याच्या हाडावर कोरलेली आहेत. त्यांतल्या काही लेखांत अक्षरांच्या उभ्या रेघा आहेत, आडव्या नाहीत. यावरून अभ्यासकांनी ताडले की कोरणारा कधी कधी हाड एका बाजूला धरून सगळ्या उभ्या रेघा आधी कोरून घेई आणि मग हाड फिरवून आडव्या. म्हणजे कठीण पृष्ठभागावर क्रम अक्षराचा नव्हता, हत्याराचा होता. कुंचला, शाई आणि पुढे कागद यांनी हे बदलले. हान काळात कारकुनांच्या हातात लिपी वेगवान झाली, वळणे मोडून सरळ रेघा आल्या. झोंग याओ (१५१–२३०) याच्या काळापासून आजची सुबक ‘खायशू’ शैली आकार घेऊ लागली आणि थांग राजवटीत ओयांग शुन, यान झनछिंग, ल्यू गोंगछ्वान यांनी ती पूर्णत्वाला नेली. आजही चिनी मुले कित्ता गिरवतात तो या तिघांच्या वळणाचा.

या परंपरेच्या मध्यभागी एक अक्षर आहे: ‘योंग’, म्हणजे चिरंतन. इ.स. ३५३ मध्ये आजच्या शाओशिंगजवळ वांग शीझी या सुलेखनकाराने मित्रांच्या मेळाव्यात एक प्रस्तावना लिहिली. ‘लानतिंग प्रस्तावना’ या नावाने ती चिनी सुलेखनाचा कळस मानली जाते. ३२४ अक्षरे, २८ ओळी. तिचे पहिले अक्षर ‘योंग’. ‘चे’ किंवा ‘तो’ अशा अर्थाने येणारे एक छोटे अक्षर तिच्यात जवळपास वीस वेळा आले आहे आणि प्रत्येक वेळी त्याचे रूप निराळे आहे, तरी रेघांचा ओघ कुठेही अडखळत नाही. मूळ प्रत थांग सम्राट थायझोंगबरोबर पुरली गेली असे सांगतात. आज जगाला माहीत आहेत त्या तिच्या प्रतिकृती. ‘योंग’ या एका अक्षरात कुंचल्याच्या आठ मूळ हालचाली येतात, म्हणून ‘योंग अक्षराचे आठ नियम’ ही सुलेखनाची बाराखडी झाली. आजच्या मोजणीत मात्र या अक्षराच्या रेघा पाचच आहेत, कारण वळण घेऊन जाणारी अखंड रेघ एकच मोजतात. वांग शीझीच्या सातव्या पिढीतला भिक्षू झियोंग याने सहस्राक्षरी या पाठाच्या आठशे प्रती स्वतःच्या हाताने करून मठामठांतून वाटल्या, असे परंपरा सांगते. त्या पाठात एक हजार अक्षरे आहेत आणि एकही दुसऱ्यांदा येत नाही. लेखन शिकायला याहून चांगली वही कुणाला सुचली नाही.

रेघक्रमाचे सामर्थ्य मला सर्वांत जास्त दिसते ते यिन हाओच्या गोष्टीत. हा वांग शीझीच्याच काळातला सेनापती. उत्तरेकडच्या मोहिमेत हरला, पदावरून काढला गेला आणि शिनआन इथे जाऊन राहिला. तक्रारीचा शब्द त्याने काढला नाही. पण दिवसभर तो बोटाने हवेत काहीतरी लिहीत बसे. त्याच्या जुन्या प्रांतातले लोक त्याच्या ओढीने तिथे आले, त्यांनी चोरून पाहिले आणि ओळखले की हा पुनःपुन्हा चारच अक्षरे लिहितो आहे, घडले त्याचे नवल आणि विषाद व्यक्त करणारी. पाचव्या शतकातल्या ‘शश्वो शिनयू’ या संग्रहात ही कथा आहे. शाई नाही, कागद नाही, मागे काही उरत नाही. केवळ बोटाची हालचाल पाहून अक्षर वाचले गेले. लिहिणारा आणि पाहणारा या दोघांच्या मनात रेघांचा क्रम एकच असेल तरच हे शक्य आहे. आजही बोलताना एखादे नाव कळले नाही तर चिनी माणूस तळहातावर बोटाने अक्षर लिहून दाखवतो आणि समोरच्याला ते कळते. घाईत लिहिलेल्या अक्षरांचेही तसेच. झरझर लिहिताना रेघा एकमेकींना जोडल्या जातात, काही गळतात. उरतो तो कुंचल्याचा मार्ग, आणि वाचणारा त्या मार्गावरून अक्षर ओळखतो. ज्याचा क्रम चुकीचा त्याचे भरभर लिहिलेले अक्षर परक्याला वाचता येत नाही.

शाळेत हा क्रम हातात मुरवण्याची रीत आपल्याला अगदी ओळखीची आहे. लाल शाईत छापलेली अक्षरे काळ्या शाईने गिरवायची. लू शुन यांच्या १९१९ मधल्या प्रसिद्ध कथेतल्या खोंग यिजी या दरिद्री पंडिताला हे टोपणनाव मिळाले ते अशाच गिरवण्याच्या पुस्तकातल्या सुरुवातीच्या अक्षरांवरून. गिरवून झाले की चौकटींच्या वहीत पाहून लिहायचे. प्रत्येक चौकटीत तुटक रेघांचा एक आडवा-उभा छेद असतो, म्हणजे अक्षराचा तोल कळतो. चीनच्या अभ्यासक्रमात पहिल्या दोन इयत्तांत सुमारे १६०० अक्षरे ओळखणे आणि त्यांतली ८०० लिहिणे अपेक्षित आहे. सहावीअखेर ३००० ओळखायची आणि २५०० लिहायची.

आता कोणता क्रम खरा, हा प्रश्न. चीनने १९९७ मध्ये ७००० अक्षरांचा रेघक्रम अधिकृतपणे ठरवला. २०१३ मध्ये ८१०५ अक्षरांची नवी प्रमाण यादी आली आणि तिच्यासाठीचा सुधारित रेघक्रम १ मार्च २०२१ पासून लागू झाला. तैवानच्या शिक्षण मंत्रालयाने १९९६ मध्ये ४८०८ अक्षरांची स्वतःची पुस्तिका काढली. जपानने त्याआधीच, १९५८ मध्ये, शाळेत शिकवायच्या ८८१ अक्षरांची मार्गदर्शिका केली होती. हे तिन्ही क्रम पुष्कळसे जुळतात, पण सगळे नाहीत. ‘राजा’ हे अक्षर तीन आडव्या आणि एक उभी अशा चार रेघांचे. चीनमध्ये दोन आडव्या झाल्यावर उभी काढतात, जपानमध्ये एकीनंतरच. ‘शेत’ म्हणजे मध्ये छेद असलेला चौकोन. आतली आडवी आधी की उभी, यावर दोन्ही देश वेगळे. ‘डावा’ आणि ‘उजवा’ या अक्षरांचा वरचा भाग सारखाच दिसतो आणि चीनमध्ये तो एकाच रीतीने लिहितात, तर जपानमध्ये ‘डावा’ची आडवी आधी आणि ‘उजवा’ची तिरपी आधी. जपानी मार्गदर्शिकेने एक गोष्ट मात्र फार शहाणपणाने नोंदवली: आपण दिलेल्या क्रमाहून वेगळे क्रम चुकीचे आहेत असा तिचा दावा नव्हता. शिक्षकांनी ही ओळ अधिक मनावर घेतली असती तर बरे झाले असते.

संगणक आल्यावरही रेघा सुटल्या नाहीत. १९८३ मध्ये वांग योंगमिन यांनी ‘वूबी’ ही टंकनपद्धती मांडली, तिचा पाया त्याच पाच जातींच्या रेघा. जुन्या मोबाइलवर १ ते ५ या कळांवर या पाच जाती असत. अक्षराच्या रेघा क्रमाने दाबत गेले की अक्षर पडद्यावर येई. क्रम चुकला की अक्षर येत नसे. आता बहुतेक लोक रोमन अक्षरांत उच्चार टंकतात आणि पडद्यावरच्या यादीतून अक्षर निवडतात. परिणाम सगळ्यांना दिसतो आहे: वाचता येणारे अक्षर लिहायला घेतले की आठवत नाही. याला चिनीत स्वतंत्र शब्दप्रयोग आहे. २०१३ मध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने शाळकरी मुलांसाठी अक्षरे ऐकून लिहिण्याची देशव्यापी स्पर्धा सुरू केली, ती या काळजीतूनच. काळजी निराधार नाही. हाँगकाँग विद्यापीठातल्या थान ली-हाय आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चिनी मुलांची वाचनक्षमता त्यांच्या हाताने लिहिण्याच्या कौशल्याशी घट्ट निगडित असल्याचे आढळले. चिनी अक्षर डोळ्याइतकेच हाताच्या स्मरणातही राहते.

चिनी किंवा जपानी शिकू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना म्हणून एक आग्रहाचे सांगणे. पहिल्या धड्यापासून चौकटींची वही घ्या. प्रत्येक नवे अक्षर लिहिण्याआधी त्याचा रेघक्रम कोशात पाहा, रेघांची नावे मोठ्याने म्हणत लिहा. चिनी शिकत असाल तर चीनचा किंवा तैवानचा, जपानी शिकत असाल तर जपानचा, असा एकच प्रमाण क्रम धरा आणि मध्येच बदलू नका. मोबाइलवर टंकायला नंतर कितीही वेळ मिळेल; पहिली काही शे अक्षरे हातानेच लिहा.